गिटार अ‍ॅम्पसमोर दोन माइक: निवड, जागा आणि मिश्रण

अ‍ॅम्पसमोर दुसरा माइक लावला की गिटारचा आवाज आपोआप भरीव होतो, अशी नवख्यांची समजूत असते. बहुतेकदा उलट घडतं. दोन्ही माइक एकेकटे चांगले वाजतात, पण एकत्र ऐकले की आवाज पोकळ होतो, मधला गाभाच गळून पडतो. मग दोष स्वस्त माइकला दिला जातो. खरं कारण असतं स्पीकरपासून दोन माइकांच्या अंतरात राहिलेला काही सेंटिमीटरचा फरक. म्हणून या लेखात माइकच्या नावांपेक्षा अंतर मोजायच्या टेपवर आणि कानांवर जास्त भर आहे. माइक कोणता हे ठरवायच्या आधी तो कुठे ठेवायचा हे जमायला हवं.

आधी खोली आणि वीज

नागपुरात घरगुती रेकॉर्डिंग बहुतेक दहा बाय बाराच्या खोलीत होतं: वर स्लॅब, खाली गुळगुळीत टाइल्स, एका भिंतीला लोखंडी कपाट, खिडकीत कूलर. अशा खोलीत अ‍ॅम्प कोपऱ्यात ठेवू नका, खर्ज फुगतो. भिंतीपासून निदान तीन फूट पुढे आणा आणि ३० ते ४० सेंटिमीटर उंचीच्या भक्कम स्टुलावर ठेवा. जमिनीवर ठेवलेल्या अ‍ॅम्पचा खर्ज फरशीमुळे वाढतो, आणि माइक थोडा दूर नेला की फरशीवरून परतणारा आवाजही त्यात शिरतो. अ‍ॅम्पच्या समोर आणि मागे जाड रजई किंवा गादी उभी करा. गांधीबाग-इतवारीच्या कापड बाजारात जाड सतरंज्या आणि रजया मिळतात. या कामाला त्या पातळ फोमच्या पट्ट्यांपेक्षा कितीतरी बऱ्या.

आता गिटारवर खालच्या ई तारेपासून एकेक स्वर चढत वाजवा आणि खोलीत काय थरथरतं ते ऐका. कपाटाचं दार, खिडकीची काच, ट्यूबलाइटची पट्टी, शोकेसमधले पेले यांपैकी काहीतरी नक्की खडखडतं. त्याचा बंदोबस्त आधी करा, कारण तो आवाज रेकॉर्डिंगमध्ये गेला की निघत नाही.

विजेचं म्हणाल तर अ‍ॅम्प, इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर लावा. घरघर येते म्हणून अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, अ‍ॅम्पच्या बाबतीत तो जिवाशी खेळ आहे. अर्थिंग नीट नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहिला की चार्जरची किणकिण वेगळी ओळखता येते. घर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चालू असेल तर टेक घेऊ नका, ती भणभण गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये (तारांखालच्या एका वेटोळ्याच्या चुंबकात) हमखास उतरते. आणि व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर स्पीकरची केबल काढलेली असताना तो कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

अ‍ॅम्पचा आवाज स्पीकरच्या उंचीवरून ऐका

उभं राहून वाजवताना कान स्पीकरच्या बरेच वर असतात. गिटार स्पीकरचा तीव्र भाग सरळ समोर जातो, वर फारसा येत नाही. त्यामुळे उभ्याने गोड वाटलेला आवाज माइकमध्ये कर्कश निघतो. व्हॉल्यूम कमी करा, स्पीकरसमोर तीन-चार फुटांवर खाली बसा आणि तिथून ट्रेबल, प्रेझेन्स ठरवा. त्यानंतरच व्हॉल्यूम वाढवा. गेन, म्हणजे आवाज किती फाटतो ते ठरवणारं अ‍ॅम्पचं बटण, नेहमीपेक्षा थोडा कमी ठेवा. बँडमध्ये वाजवताना जेवढं डिस्टॉर्शन हवंसं वाटतं, तेवढं रेकॉर्डमध्ये स्वर चिकटवून टाकतं, आणि गिटार दोनदा वाजवून एकावर एक ठेवली की ते आणखी साचतं. फ्लॅटमध्ये ५ ते १५ वॅटचा अ‍ॅम्प पुरून उरतो.

स्पीकरचा नकाशा

जाळीच्या कापडावर तिरका टॉर्च मारला की आतला कोन, म्हणजे स्पीकरचा कागदी शंकू, आणि मधली गोल डस्ट कॅप दिसते. कागदी चिकटपट्टीचे तीन लहान तुकडे बाहेर लावा: एक कॅपच्या मध्यावर, एक कॅपच्या कडेवर आणि एक कडा व कोनाचा बाहेरचा काठ यांच्या मधोमध. अ‍ॅम्पमध्ये दोन किंवा चार स्पीकर असतील तर प्रत्येकासमोर तोच माइक तेवढ्याच अंतरावर धरून ऐका. एकाच कारखान्याचे दोन स्पीकरही सारखे वाजत नाहीत. जो आवडेल त्यावर खूण करा आणि दोन्ही माइक त्याच एका स्पीकरवर लावा. सुरुवातीला दोन स्पीकरांवर दोन माइक हा घोळ टाळलेलाच बरा.

मध्यावर तीव्र स्वर सर्वाधिक, काठाकडे जावं तसा आवाज गडद होत जातो. दोन सेंटिमीटर सरकवल्याने पडणारा फरक इक्वलायझरने भरून काढणं अवघड असतं.

पहिला माइक: साधा डायनॅमिक

सुरुवात शुअर एसएम५७ पासून करा. १९६५ पासून हा माइक बाजारात आहे आणि गिटार अ‍ॅम्पसमोर तो जगभर उभा असतो. तो वरच्या मध्यम पट्टीत, साधारण ५ ते ६ हजार हर्ट्झच्या आसपास, थोडी धार देतो, त्यामुळे गिटार ड्रम्समधून वाट काढते. मोठा आवाज तो सहज सोसतो. पावसाळ्याची दमट हवा आणि धूळ यांचंही त्याला फारसं वावडं नाही. गाण्यासाठी घेतलेला एसएम५८ घरात असेल तर नवा माइक घेण्याआधी तोच वापरा. दोघांची जातकुळी एक आहे. ५८ ची गोल जाळी काढून ठेवली की तो ५७ च्या बराच जवळ जातो, फक्त मग आवाज टिपणारी कॅप्सूल उघडी पडते, तिला धक्का लागू देऊ नका.

५७ च्या नकला बाजारात भरपूर आहेत. अस्सल माइकचं वजन सुमारे २८४ ग्रॅम भरतं. किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर तो बराच हलका भरला तर घेऊ नका. वजन जुळलं म्हणजे अस्सलच, असं मात्र नाही. अधिकृत विक्रेत्याचं बिल हीच खात्री.

जागा अशी ठरवा:

१. माइक कॅपच्या कडेच्या खुणेसमोर, कापडापासून २.५ सेंटिमीटरवर, काटकोनात सरळ.
२. इनपुटचा गेन असा ठेवा की सगळ्यात जोरकस वाजवताना मीटर उणे १२ ते उणे १० डेसिबलपर्यंत जाईल. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करत असाल तर त्याहून वर नेण्यात काहीच फायदा नाही.
३. अर्धा मिनिट वाजवा, रेकॉर्ड करा, ऐका.
४. किरकिरा वाटला तर एक सेंटिमीटर बाहेर सरकवा. बोदा वाटला तर एक सेंटिमीटर मध्याकडे.
५. खर्ज गदगदत असेल तर माइक ५, मग १० सेंटिमीटर मागे घ्या.

पाचव्या पायरीमागचं कारण समजून घ्या, पुढे उपयोगी पडेल. एका दिशेने ऐकणारे माइक उगमाजवळ नेले की त्यांचा खर्ज वाढतो. याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात. म्हणजे डावी-उजवी हालचाल तीव्र स्वरांवर चालते आणि पुढे-मागची हालचाल मुख्यतः खर्जावर. माइक ३० ते ४५ अंशांत तिरपा केला तरी धार कमी होते, पण ती जागा सरकवण्यापेक्षा वेगळ्या रीतीने, जरा मऊपणे.

अ‍ॅम्पची बटणं न हलवता या एका माइकवर गाण्यात चालेल असा आवाज मिळेपर्यंत दुसऱ्या माइकला हात लावू नका. पहिलाच चुकला असेल तर दुसरा त्याला सावरत नाही.

दुसरा माइक कोणता

दुसऱ्या माइकचं काम पहिल्यात जे नाही ते आणणं. त्यामुळे स्वभाव वेगळा हवा.

रिबन माइक ५७ चा सर्वांत चांगला जोडीदार. त्याचे तीव्र स्वर मऊ असतात, मध्यम पट्टी भरीव. रॉयर आर-१२१ हे यातलं प्रसिद्ध नाव, तो १३५ डेसिबलपर्यंतचा आवाज सोसतो. तो पुढून आणि मागून दोन्हीकडून सारखाच ऐकतो, त्यामुळे लहान खोलीत मागच्या भिंतीवरून येणारा आवाजही पकडतो. त्याच्या पाठीमागे रजई हवीच. बायरडायनॅमिकचा एम१६० हाही रिबनच, पण हायपरकार्डिऑइड, म्हणजे मागचं बरंच कमी घेणारा. दहा बाय बाराच्या खोलीत आमची पसंती याला.

नागपूरच्या उन्हाळ्यात रिबनबद्दल एक सूचना ठळक लक्षात ठेवा: कूलरचा किंवा पंख्याचा झोत त्यावर कधीही येऊ देऊ नका. आतली धातूची पट्टी अतिशय पातळ असते, वाऱ्याने ती ताणली जाते आणि माइक कायमचा बिघडतो. त्याच कारणाने त्यात फुंकर मारून पाहू नये आणि ठेवताना तो उभा ठेवावा.

सेनहायझरचा एमडी४२१ डायनॅमिक आहे, तरी ५७ पेक्षा खाली भरदार. त्याच्या केबलकडच्या टोकाशी खर्ज कापणारी फिरती कडी असते, ती एम वर ठेवा. एस वर असेल तर खर्ज कापला जातो आणि माइक उगाच बदनाम होतो. त्याच कंपनीचे ई६०९ आणि ई९०६ चपटे असतात, ते चपट्या बाजूने ऐकतात. त्यांचं टोक स्पीकरकडे धरणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

मोठ्या डायफ्रॅमचा (आवाजाने हलणाऱ्या पातळ पडद्याचा) कंडेन्सर, उदाहरणार्थ एकेजी सी४१४, तपशील सगळ्यात जास्त टिपतो. त्याचा पॅड (येणारा आवाज माइकमध्येच कमी करणारं बटण) १२ किंवा १८ डेसिबलवर ठेवा आणि माइक १५ ते ३० सेंटिमीटरवर लावा. मात्र तो शेजारच्या घरातला मिक्सर आणि रस्त्यावरची वरातही तितक्याच आवडीने टिपतो. डिस्टॉर्शनच्या गिटारला आम्ही तो सहसा लावत नाही. क्लीन आवाजाला जरूर लावावा.

कंडेन्सरला केबलमधूनच मिळणारी ४८ व्होल्टची वीज, म्हणजे फँटम पॉवर, लागते आणि अनेक दोन-इनपुट इंटरफेसमध्ये एकच बटण दोन्ही इनपुटला ती देतं. डायनॅमिकला तिचा त्रास नाही. नीट जोडलेल्या केबलवर बहुतेक रिबनही सुरक्षित असतात, पण केबलमध्ये शॉर्ट असेल तर पट्टी जाऊ शकते. केबल लावता-काढताना फँटम बंद ठेवा. दुकानातून सोल्डर करून घेतलेली केबल आधी मल्टिमीटरने तपासा: पिन १ ला १, २ ला २, ३ ला ३. दोन आणि तीन उलटे जोडलेले असतील तर पोलॅरिटी उलटते, म्हणजे लहर वर जायची तिथे खाली जाते, आणि मग खालची सगळी मेहनत उलट्या पायावर उभी राहते.

काही सेंटिमीटरचा हिशेब

आवाज २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. एक माइक कापडापासून २.५ सेंटिमीटरवर आणि दुसरा १५ वर असेल तर दुसऱ्याकडे आवाज १२.५ सेंटिमीटर उशिरा पोचतो, म्हणजे ०.३६ मिलिसेकंद. ऐकताना हा उशीर जाणवत नाही, पण ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी बरोबर १२.५ सेंटिमीटर आहे, तो एका माइकमध्ये वर असताना दुसऱ्यात खाली असतो आणि बेरजेत नाहीसा होतो. इथे तो १,३७० हर्ट्झच्या आसपास आहे. मग त्याच्या तिप्पट, पाचपट, अशा ओळीने खड्डे पडत जातात. १,३७० म्हणजे गिटारच्या ऐन गाभ्यात.

अंतर बदललं की पहिला खड्डा हलतो. १ सेंटिमीटर फरकाला तो १७ हजार हर्ट्झवर, ३.५ सेंटिमीटरला ४,९०० वर, १० सेंटिमीटरला १,७०० वर आणि ३० सेंटिमीटरला ५७० वर. गिटारचे बहुतेक स्पीकर ५ हजार हर्ट्झच्या पुढे झपाट्याने उतरतात. सेलेस्टियनने व्हिंटेज ३० साठी दिलेली मर्यादाच ७० ते ५,००० हर्ट्झ आहे. म्हणून फरक एका सेंटिमीटरच्या आत आणला की खड्डा अशा जागी जातो जिथे काढून घेण्यासारखं काही उरतच नाही.

खड्ड्याची खोली आवाजाच्या पातळीवर ठरते. दोन्ही माइक सारख्या पातळीवर असतील तर तो स्वर जवळजवळ पूर्ण जातो. दुसरा ६ डेसिबल खाली असेल तर खड्डा ६ डेसिबलचा, १० डेसिबल खाली असेल तर जेमतेम ३ चा.

इथे पुष्कळजण तीनास एकाचा नियम सांगतात: दुसरा माइक तिप्पट दूर ठेवा. तो नियम वेगवेगळ्या वाद्यांसमोरच्या माइकांसाठी आहे, एकाचा आवाज दुसऱ्यात गळू नये म्हणून. एकाच स्पीकरवरच्या दोन माइकांना तो लावला तर खड्डे ऐन मध्यम पट्टीत येऊन बसतात.

दोन माइक जुळवण्याची रीत

दोन्ही माइक शेजारी-शेजारी, कॅपच्या कडेच्या दोन बाजूंना लावा. स्पीकरपासून अंतर मोजायचं ते आतल्या डायफ्रॅमपर्यंत, बाहेरच्या जाळीपर्यंत नाही. ५७ चा डायफ्रॅम तोंडाशीच असतो, रिबनची पट्टी मात्र बाहेरच्या आवरणापासून बरीच आत. त्यामुळे डोळ्यांना समोरासमोर दिसणारे माइक प्रत्यक्षात एक-दोन सेंटिमीटर पुढे-मागे असतात. टेपने ढोबळ जुळवून झालं की कानाने बारीक जुळवा. सोबतीला कुणी असेल तर काम दहा मिनिटांचं आहे.

१. दोन्ही चॅनेल पॅन करून बरोबर मध्यावर आणा. बंद हेडफोन लावा.
२. गिटारचा व्हॉल्यूम शून्य, अ‍ॅम्पचा गेन वाढवा. स्पीकरमधून सूं असा एकसारखा आवाज येईल. दोन्ही मीटर सारखे दिसेपर्यंत इनपुट गेन जुळवा.
३. दुसऱ्या चॅनेलची पोलॅरिटी उलटी करा. इंटरफेसवर बटण नसेल तर रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ट्रॅकला ते असतं.
४. सोबत्याला दुसरा माइक अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरने पुढे-मागे सरकवायला सांगा. सूं आवाज जिथे सगळ्यात क्षीण, पातळ होईल तिथे थांबा आणि स्टँड घट्ट करा.
५. पोलॅरिटी पूर्ववत करा. आता हीच सगळ्यात भरीव जागा.
६. गिटार वाजवून खालच्या ई तारेवर खात्री करा. पोलॅरिटी उलटी केल्यावर खर्ज वाढत असेल तर केबल किंवा माइक मुळात उलटा जोडलेला आहे.

एकटे असाल तर तारा तळहाताने दाबून एक कोरडा ठोका रेकॉर्ड करा आणि दोन्ही ट्रॅक मोठे करून पहिलं टोक पाहा. ४८ हजारच्या सॅम्पल रेटला एक सॅम्पल म्हणजे सुमारे ७ मिलिमीटर. चार सॅम्पलचा फरक दिसला तर मागचा माइक २.८ सेंटिमीटर पुढे आणा. ट्रॅक मागाहून सरकवूनही जुळवता येतो, पण वाजवणाऱ्याला वाजवतानाच खरा आवाज ऐकू यावा, यासाठी माइक हलवणं उत्तम.

मिश्रण

५७ चा फेडर (पातळी वर-खाली करणारी पट्टी) आहे तिथे ठेवा. दुसरा पूर्ण खाली घ्या आणि बास व ड्रम्स चालू ठेवून हळूहळू वर आणा. एकट्या गिटारवर मिश्रण ठरवू नका, तिथे खर्ज नेहमीच गोड वाटतो आणि मग बास गिटारशी भांडतो. बहुतेक वेळा रिबन ३ ते ६ डेसिबल खाली असताना गोष्ट जमते. निवांत, सुरेल लीडसाठी रिबन वर आणि ५७ खाली असंही करून पाहा.

इक्वलायझर दोन्ही माइकांच्या एकत्रित बसवर, म्हणजे दोन्ही ट्रॅक जिथे एकत्र येतात त्या चॅनेलवर, लावा. एकाच माइकवर लावला तर त्याचा फेज, म्हणजे लहरींची वेळ, बदलतो आणि जुळवलेलं बिघडतं. ८० ते १०० हर्ट्झखालचं कापा, गरज वाटली तर ८ ते १० हजारांवरचंही. दोन माइक डावीकडे-उजवीकडे पसरून गिटार रुंद होत नाही. रुंदी हवी असेल तर तोच भाग दुसऱ्यांदा वाजवा आणि दोन वाजवण्या दोन बाजूंना ठेवा.

मेटल वाजवणाऱ्यांसाठी एक ठरलेली मांडणी आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या स्टुडिओ फ्रेडमनवरून तिला फ्रेडमन पद्धत म्हणतात. दोन एसएम५७, एक सरळ कॅपवर, दुसरा त्याला लागून सुमारे ४५ अंशांत तिरपा, दोघांची तोंडं स्पीकरपासून सारख्याच अंतरावर. सरळ माइक धार देतो, तिरपा अंग. दोन स्वस्त माइकांत होणारं हे काम आहे, म्हणून रिबनसाठी पैसे साठवत थांबलेल्यांनी आधी हे करून पाहावं.

खोलीचा आवाज टिपणारा तिसरा, दूरचा माइक लहान फ्लॅटमध्ये लावू नका, टाइल्सची ठणठण तेवढी मिळते. महालातल्या जुन्या वाड्याचं उंच छताचं दालन किंवा एखादं सभागृह मिळालं तर लावा, पण तपमान लक्षात घ्या. ४४ अंशांच्या दुपारी आवाज सेकंदाला सुमारे ३५८ मीटर जातो, ३० अंशांत सुमारे ३४९.५. दोन मीटरवरच्या माइकसाठी हा फरक ४८ हजारच्या रेटला सहा-सात सॅम्पलचा होतो. दुपारी घेतलेल्या टेकमध्ये रात्री दुरुस्ती केली की जोड ऐकू आला, तर त्यामागे हेही एक कारण असू शकतं. जवळच्या माइकांना याची झळ लागत नाही.

काय बिघडलं आणि का

आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो: माइकांच्या अंतरात ५ ते १५ सेंटिमीटरचा फरक आहे, किंवा पोलॅरिटी उलटी आहे.

मीटर खाली आहे तरी आवाज फाटतो: कंडेन्सरचा पॅड लावलेला नाही, माइक आतूनच फाटतोय. इंटरफेसचा गेन कमी करून उपयोग नाही.

काल जमलं होतं, आज पातळ वाटतं: स्टँड घसरला. टाइल्सवर तो थरथरत सरकतो. खाली रबराची चटई घाला, पायांभोवती चिकटपट्टीने खूण करा.

पावसाळ्यात कंडेन्सरमध्ये चरचर, टपटप येते: ओल शिरली आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत एक-दोन दिवस ठेवून पाहा. कूलर चालू असलेल्या खोलीत उन्हाळ्यातही हेच होतं, म्हणून कंडेन्सर स्टँडवर लावून विसरू नका. टेकपुरता कूलर बंद करायचा तर मे महिन्यात सकाळी सहा ते नऊ हीच कामाची वेळ.

सगळं जुळलं की टेपने दोन्ही माइकांचं कापडापासूनचं आणि मध्यबिंदूपासूनचं अंतर मोजा. अ‍ॅम्पच्या बटणांचा, माइकांचा समोरून आणि बाजूने फोटो काढा. इनपुट गेन लिहून ठेवा. ट्रॅकचं नाव देताना माइक, जागा आणि अंतर त्यातच घाला, उदाहरणार्थ ‘५७-कडा-२.५’ आणि ‘रिबन-कडा-२.५’. पोलॅरिटी बदललेली असेल तर तेही नावात लिहा.